तिसरं पिल्लू

चॅपेल झाडणाऱ्या मावशींवर वीस वर्षांत जमीन सोडून वर जायची वेळ कधी आली नव्हती. रंगीत खिडक्यांच्या डागडुजीसाठी काचवाल्याने परांची बांधली, तेव्हा मात्र त्यांनी हट्टच धरला, "एकदा मला वर ने रे बाबा!"

वर पोचताच त्यांचं डोकं गरगरलं आणि आनंदाच्या उकळ्याही फुटल्या. समोरच्या काचेवर, रोज खालून दिसणारा तो पांढरा पक्षी होता, स्वतःच्याच छातीत चोच खुपसलेला.

"याला कसली एवढी खाज सुटलीय?"

काचवाला हसला. "खाज नाही, मावशी. हा पेलिकन. पिल्लं उपाशी मरू नयेत म्हणून स्वतःचं रक्त पाजतो, अशी जुनी समजूत. येशूने आपल्यासाठी रक्त सांडलं, त्याची ही खूण."

"अगंबाई! आणि मी बापडी वीस वर्षं त्याची कीव करतेय, उवा झाल्यात म्हणून!"

त्या इतक्या हसल्या की परांची हलायला लागली. हसतहसतच त्यांनी फडक्याने काच पुसली, तर कोपऱ्यातल्या काजळीखालून एक उघडी चोच निघाली.

"फादर, धावा! याला तीन पोरं आहेत!"

फादर झगा सावरत परांचीखाली येऊन उभे राहिले. "दोनच आहेत, मावशी. मी दरवर्षी प्रवचनात सांगतो."

"मग एकाला दरवर्षी उपाशी ठेवलंत तुम्ही!"

फादरांनाही हसू आवरेना. उंचीची धास्ती असूनही ते डोळे मिटून शिडी चढले. वर त्यांनी बोटाने मोजलं, एक, दोन, तीन, आणि मावशींच्या हातातलं फडकं मागून घेतलं.