गिअरबॉक्सची रिकामी नळी

जर्मन गाड्यांचं काम कमी झालं, तसं मालकाने मला पुढच्या आठवड्यापासून अमेरिकन मसल, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्यांच्या बाजूला हलवायचं ठरवलं. अरबांच्या मुलखात, इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या गॅरेजमध्ये हे जमलं नाही, तर सरळ घरचं तिकीट. आठवीत शाळा सोडलेल्या मला दुसरीकडे कोण घेणार? त्या काळजीने आठवडाभर धड झोप नव्हती.

आमचे फोरमन कोल्हापूरचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्याच दिवशी एका काळ्या, गुरगुरणाऱ्या गाडीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "गिअरबॉक्सचं तेल बघ. यल्ला, चल लवकर!"

मी नळीचं झाकण काढलं, तर आत तेल मोजायची डिपस्टिकच नाही. बाकीचे हसायला लागले. मला मात्र ते झाकण ओळखीचं वाटलं. माझ्या जर्मन गाड्यांतही अशीच रिकामी नळी असायची. डिपस्टिक गॅरेजवाल्याने आपली आणायची. मी माझ्या पेटीतली लांब डिपस्टिक आणून आत सोडली. बरोबर बसली.

"मामा, हा तर जर्मन गिअरबॉक्स!"

"मग? तुझ्या जर्मन कंपनीनं अन् ह्या अमेरिकन कंपनीनं काही वर्षं एकत्र संसार केला. काडीमोड झाला, पण भांडीकुंडी इकडंच राहिली. मागचं सस्पेन्शन बघ, तेबी तिकडचंच."

"आधी सांगायचं ना! मी आठवडाभर झोपलो नाही."

"तू विचारलंस कुठं?" म्हणत त्यांनी मालकाला फोन लावला. "ह्याला राहू दे हितंच. जमतंय."

मामांच्या पाया पडावंसं वाटलं, पण आठवड्याची राहिलेली झोप एकदम डोळ्यांवर आली. तिथेच टायरला टेकून बसलो.