शेगडीवर आभाळ

मनमाड स्टेशनाबाहेर माझं विड्यांचं दुकान आणि समोर अब्बासभाईचा कबाबांचा ठेला. ठेल्याला बाजरीच्या सरमडाचं, म्हणजे वाळक्या ताटांचं, छप्पर होतं, पण शेगडी कधी त्याखाली नसायची. ती वळचणीपासून चार हात लांब, उघड्यावर. गिऱ्हाइकं सावलीत बसायची आणि हा गृहस्थ उन्हात उभा राहून सीखा फिरवायचा.

"शेगडीच्या डोक्यावर आभाळच पाहिजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की हातभर जाळ उठतो. तो काय इचारून उठत नाय."

आम्ही त्याची फार थट्टा केली. पाऊस आला की अर्ध्या भाजलेल्या सीखा बाजूला ठेवून हा निखाऱ्यांवर पाणी ओतायचा आणि धंदा बंद. एकदा खुद्द फौजदाराने शेगडी आत घे म्हणून दरडावलं. अब्बासभाईने हात जोडले. "साहेब, कबाब उद्या खा. छप्पर जळालं तर उद्या मिळायचं नाय." फौजदार बडबडत निघून गेला. असा हा हट्टी माणूस, ब्रह्मदेव आला तरी ऐकणारा नव्हे.

सितारा त्याची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, तेव्हा वेणीफणीपासून सगळं यानेच केलं. सदतीस साली चैत्रात तिचं लग्न ठरलं, येवल्याच्या एका विणकराच्या घरी. मुलगा चांगला होता. सितारा त्या दिवसांत माझ्या दुकानावरून जाताना उगीच हसायची, आणि मला बरं वाटायचं.

अब्बासभाईने अंगणात सरमडाचा मांडव घातला. कबाब तोच भाजणार होता, आणि शेगडी अर्थातच मांडवाबाहेर, अंगणातल्या लिंबाखालीही नव्हे, अगदी मोकळ्यावर. वऱ्हाड दुपारी आलं. काझीसाहेब यायला अवकाश होता. तेवढ्यात अवकाळी पाऊस सुरू झाला आणि अब्बासभाईने सवयीने पाण्याची बादली उचलली.

"हे काय करता?" नवऱ्या मुलाचे मामू नियाजमियां म्हणाले. "तुमच्या कबाबांचं नाव ऐकून आलो आम्ही. आणा ती शेगडी मांडवात."

"पाऊस थांबू द्या, मामू. वर सरमड हाय."

"भिजलेलं छप्पर कुठं पेटतं? का मुलीचा बाप वऱ्हाडाला उपाशी ठेवणार?"

मुलीच्या बापाने मान खाली घालायची, ही आपल्याकडची रीत. हिंदू असो, मुसलमान असो, त्यात फरक नाही. अब्बासभाईने सिताराच्या खोलीकडे एकदा पाहिलं, बादली खाली ठेवली आणि स्वतःच्या हाताने शेगडी आत आणली. मी तिथेच होतो. मलाही वाटलं, एवढ्या पावसात काय होतंय.

सरमड वरून भिजलं होतं, आतून कोरडं ठणठणीत. वाऱ्याचा एक झोत आला, चरबी गळली आणि जाळ वर गेला. मांडव पेटायला वेळ लागला नाही. माणसं बाहेर पळाली म्हणून वाचली. अब्बासभाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

ज्या नियाजमियांनी शेगडी आत आणवली, तेच रस्त्यात उभं राहून म्हणाले, "पोरीचा पायगुण दिसला. आम्हाला नको." मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वाजवली नाही. काझीसाहेब आले तेव्हा वऱ्हाड गेलं होतं.

त्यानंतर एकही स्थळ आलं नाही. आग तिने लावली नव्हती, हे सगळ्यांना माहीत आहे, पण माहीत असून कोण सून करून घेतो? दोन वर्षं झाली. सितारा रोज दुपारी बापाची भाकरी घेऊन ठेल्यावर येते. हसत नाही.

परवा ती आली असताना भुरभुर सुरू झाली. एक गिऱ्हाईक म्हणालं, "चाचा, घ्या की शेगडी आत."

"नाय," अब्बासभाई म्हणाला आणि त्याने निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

सिताराने भाकरीचं फडकं खाली ठेवलं. "अब्बा," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी एकदाच असं 'नाय' म्हणायचं होतं."

 निखारे केव्हाच विझले होते, तरी अब्बासभाई पाणी ओतत राहिला.