चांदीची थंड डबी

बारा जून, सकाळी साडेअकरा. ठिकाण लातूर, मेंदूच्या सर्जनची केबिन. हजर तिघे: डॉक्टर, माझी पत्नी शिवकांता आणि मी. एमआरआयचे साडेसात हजार रुपये आदल्या संध्याकाळी भरले होते. त्याच्या फिल्म्स आता भिंतीवरच्या उजेडाच्या पाटीवर लावलेल्या होत्या.

"याला मेनिंजिओमा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "मेंदूवर जे आवरण असतं, त्यातून वाढलेली गाठ. मेंदूतली नाही, मेंदूवरची. बहुतेक वेळा ही कॅन्सरची नसते. पण चार सेंटिमीटर झालीय आणि पुढच्या भागाला दाबतेय. काढावी लागेल."

मी वहीत लिहिलं, चार सेंटिमीटर. शिवकांता फिल्मकडे बघत नव्हती. डॉक्टर फोन घ्यायला वळले, तशी ती हळूच म्हणाली, "अहो, मी यंत्रात होते तवा ते हातातच धरलं होतं ना तुम्ही?"

"हो," मी म्हणालो.

ते खोटं होतं. या आजाराबद्दल मी लिहितोय ते दुसऱ्या कुणाच्या घरी अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून. पण ते खोटं वगळून लिहिलं, तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

'ते' म्हणजे काय, हे आधी सांगतो. आम्ही लिंगायत. आमच्यात लहानपणीच इष्टलिंग देतात. चांदीच्या लहान डबीत ठेवलेलं ते लिंग दोऱ्याने गळ्यात घालायचं आणि जन्मभर अंगावेगळं करायचं नाही. कधी करावंच लागलं, तर घरच्या माणसाने ते तळहातावर धरून बसायचं, खाली ठेवायचं नाही, असं शिवकांताच्या माहेरी उदगीरला पाळतात. माणूस गेल्यावर त्याला बसवून पुरतात आणि डाव्या तळहातावर त्याचं लिंग देतात.

मी माझं लिंग चोविसाव्या वर्षी काढलं आणि वडिलांच्या कपाटात ठेवलं. देव नाही, आत्मा नाही, मेल्यावर काही नाही, या निष्कर्षावर मी वाचून आणि विचार करून आलो होतो. आजही तिथेच आहे. शिवकांता मात्र रोज आंघोळीनंतर डबी उघडून दहा मिनिटं पूजा करते. तीस वर्षं मी त्या दहा मिनिटांवर काही ना काही बोलत आलो. ती एकदाच म्हणाली होती, "देव न्हाई म्हणता, मग रोज त्याच्याशीच का भांडता?"

आजाराची सुरुवात नाकापासून झाली. दूध उतू जाऊन करपायचं आणि ती शेजारीच भाजी निवडत बसलेली असायची. लक्ष नाही म्हणून मी तिला रागवायचो. वर्षभरात निदान वीस वेळा रागवलो असेन. तिला वास येणंच हळूहळू बंद झालं होतं. सकाळी डोकं दुखायचं, त्यावर ती गोळी घ्यायची. एप्रिलमध्ये गॅस सुरू राहिला आणि तो मला दारातून कळला, तिला ओट्यापाशी उभं राहून कळला नाही. तेव्हा कुठे आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाक तपासलं, ते चांगलं निघालं, म्हणून डोक्याचा एमआरआय सांगितला. घरातल्या कुणाला सर्दी नसताना वास येत नसेल, तर वर्षभर थांबू नका.

एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या नळीत झोपवून काढलेली आतली चित्रं. आत जाताना अंगावर कुठलाच धातू चालत नाही. शिवकांताने बांगड्या काढल्या, कानातलं काढलं आणि शेवटी डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "धरा. खाली ठेवू नका." दार बंद झालं. मी डबी रिपोर्टच्या पिशवीत टाकली, पिशवी एसीखालच्या खुर्चीवर ठेवली आणि चहाला गेलो. ती बाहेर यायच्या आधी परत आलो आणि डबी पिशवीतून काढून तिला दिली.

ऑपरेशन नांदेडला ठरलं. लातूरच्या डॉक्टरांनीच तिथल्या सर्जनचं नाव सुचवलं. क्रॅनिओटॉमी, म्हणजे कवटीचा एक तुकडा काढून आत काम करायचं आणि तो तुकडा परत बसवायचा. सर्जन शांतपणे म्हणाले, "पाच तास धरा. दृष्टीची नस जवळ आहे. दृष्टीला धोका थोडा आहे, जिवाला त्याहून कमी. पण शून्य नाही." हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहिलं. शिवकांताला ते वाचून दाखवलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिचे पुढचे केस काढले. तेव्हा तिचं डोकं धरून बसल्या होत्या वॉर्डातल्या सफाईच्या मावशी, धुरपताबाई. साठीच्या आसपासच्या, बारीक, सतत बोलणाऱ्या. "केसाचं काय घेऊन बसलात बाई, माझ्या नवऱ्याचे तर आपोआप गेले, रुपाया न्हाई लागला," असं म्हणून त्यांनी तिला हसवलं. शिवकांताने त्यांना डबीबद्दल सांगितलेलं मी ऐकलं होतं. "यंत्राच्या वेळी ह्यांनी धरलं होतं. आजबी हेच धरतील."

आठ वाजता थिएटरच्या दारात तिने डबी माझ्या हातात दिली. त्याच वेळी सिस्टरांनी एक प्लास्टिकची पिशवी दिली. तिच्यात शिवकांताच्या चपला, शाल आणि बांगड्या होत्या. मला खाली सही करायला बोलावलं होतं. मी डबी त्या पिशवीत टाकली.

चपलांवर. हे मला त्या क्षणी कळलं होतं. गडबडीत झालं, असं म्हणता येणार नाही. दगड तो दगड, असं मनात आलं आणि तत्त्वाला धरून वागल्याचं थोडं समाधानही वाटलं. त्या समाधानाची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

उदगीरहून तिचा भाऊ राजाभाऊ दहाला पोचला. आडतीचं दुकान आहे त्याचं. माझ्याशेजारी बसून कपाळाला भस्म लावत म्हणाला, "दाजी, तुमचं नास्तिक लोकाईचं बरं असतंय. परीक्षा न्हाई, नापास होणं न्हाई." मग सहज विचारलं, "ताईचं लिंग कुणापाशी हाय?"

"माझ्यापाशी."

पिशवी खुर्चीवर ठेवून मी दोनदा खाली मेडिकलमधून औषधं आणून दिली, एकदा रक्तपेढीत गेलो. एक वाजला, म्हणजे पाच तास झाले. आतून निरोप नव्हता. दीड वाजता सिस्टर बाहेर आल्या. "गाठ नसेला चिकटलीय. वेळ लागेल," एवढंच सांगून आत गेल्या. तेव्हा मी पिशवी उघडली.

चपला होत्या, शाल होती, बांगड्या होत्या. डबी नव्हती.

मी शाल झटकली. खुर्च्यांखाली बघितलं. फरशीवर गुडघे टेकून ओळीने सगळ्या खुर्च्यांखाली हात फिरवला.

"दाजी, काय शोधायलाव?"

"चष्मा."

"डोळ्यावरच तर हाय."

मी खाली गेलो. मेडिकलच्या काउंटरवर विचारलं, सहीच्या टेबलापाशी विचारलं, वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, झाडलोट झाली की कचरा मागच्या अंगणात जातो. मी मागे गेलो आणि काठीने कचऱ्याच्या पिशव्या उघडत बसलो. किती वेळ, ते वहीत नाही. त्या दिवशीची नोंद दीड वाजता थांबली आहे.

मी प्रार्थना केली नाही. अशा वेळी भलेभले नास्तिक देवाला हाक मारतात म्हणतात. माझ्या तोंडून ती आली नाही आणि त्याचा अभिमानही वाटला नाही. मला एकच दिसत होतं. ती टेबलावरच गेली, तर राजाभाऊ तिला उदगीरला नेईल, बसवतील, तिचा डावा हात पुढे करतील आणि माझ्याकडे बघतील. मेल्यावर काही नसतं, हे मला माहीत होतं. तो तळहात तिला कळणारही नव्हता. तरी तो रिकामा राहिला असता, तर पुढे मी त्याच घरात कसा राहिलो असतो, हे मला सांगता येईना. मरण म्हणजे शरीराचं थांबणं, एवढाच हिशेब मी तीस वर्षं मांडला होता. जिवंत माणसाने शेवटचा विश्वास कुणाच्या हातात दिला होता, हे मी त्यात धरलंच नव्हतं.

साडेतीनला राजाभाऊने फोन केला. ऑपरेशन झालं होतं. साडेसात तास. गाठ पूर्ण निघाली होती आणि दृष्टीची नस वाचली होती. मी हात धुतले आणि वर गेलो. सर्जन खालच्या केबिनमध्ये होते, त्यांच्याशी बोलण्यात, मग बिलाच्या टेबलावर, मग बायोप्सीच्या कागदांवर साडेपाच वाजले. बायोप्सी म्हणजे काढलेल्या गाठीची तपासणी. ती कॅन्सरची नाही, हे त्यातून पुढच्या आठवड्यात नक्की झालं.

साडेपाचला आयसीयूच्या दाराशी धुरपताबाई बसलेल्या दिसल्या. मला बघून उठल्या.

"कुठं होता ओ साहेब? सारा दवाखाना पालथा घातला. पिशवी कलंडली व्हती खुर्चीवरून. झाडताना हे गवसलं." त्यांनी पोलक्यातून दोरा ओढला आणि डबी काढली. "कामाला दोन हात लागतेत, हातावर कसं धरू? म्हणून अंगाला लावून ठिवलं. माझी ड्युटी तीनलाच सुटली. पण ही चीज घरी कशी न्यावी, दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी, अन् ठिवावी तर कुठं?"

ड्युटी सुटल्यावर अडीच तास त्या थांबल्या होत्या. मी मागच्या अंगणात कचरा उचकत होतो, तेव्हा त्या मला मजल्यामजल्यावर शोधत होत्या.

"तुम्हीही लिंगायत का?" मी मूर्खासारखं विचारलं.

"आम्ही बौद्ध हाव. छप्पन साली माझ्या आज्यानं घरातले देव टोपल्यात घालून नदीत सोडले. म्या न्हाई मानत काही. पण बाई माझ्यासमोर बोलल्या व्हत्या की, खाली ठिवायचं न्हाई."

मी पाचशेची नोट काढली. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की नोट खिशात परत कशी घालावी, ते मला कळेना. "हमाली केली का म्या?" तेवढ्यात सिस्टरांनी मला आत बोलावलं.

शिवकांताच्या डोक्याला पट्टी होती, डोळे सुजलेले होते. तिने हात उताणा केला, मी डबी तळहातावर ठेवली. तिची बोटं मिटली. मग ओठ हलले. "गरम हाय. या वेळी धरलं होतं की तुम्ही."

या वेळी. म्हणजे मागच्या वेळचं तिला माहीत होतं.

मी खरं सांगितलं नाही. डोक्याला टाके असलेल्या माणसाला धक्का देऊ नये, अशी सबब मी स्वतःला दिली. ती सबब नवव्या दिवशी टाके निघेपर्यंत चालली. आम्ही लातूरला घरी आलो आणि दहाव्या, अकराव्या दिवशीही मी बोललो नाही. अकराव्या संध्याकाळी ती फोनवर राजाभाऊला सांगत होती, "अरे, ह्यांनी साडेसात तास हातात धरलं. हे म्हणजे!" तिच्या आवाजातला आनंद ऐकून मी उठलो, तिचा फोन संपेपर्यंत दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पिशवी, चपला, कचरा, धुरपताबाई.

ती डबीवरून अंगठा फिरवत राहिली.

"एमआरआयला डबी बर्फासारखी होती," ती म्हणाली. "म्हणलं, भीतीनं विसरले असतील. पण ही शाबासकी अकरा दिवस का घेतलीत?"

मी दारातून येऊन तिच्यासमोर बसलो.

"तुम्ही मानत न्हाई, नका मानू. मी काय देवासाठी धरा म्हणलं होतं? माझ्यासाठी म्हणलं होतं."

मी आजही नास्तिक आहे. त्याबद्दल मला लाज नाही. धुरपताबाईही काही मानत नाहीत. त्या डबीत देव आहे की दगड, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारलाच नव्हता. मी एकटाच त्याचं उत्तर देत बसलो होतो. ज्यांच्या घरी असं काही आहे, तावीज असो, जानवं असो, मंगळसूत्र असो, त्यांनी ऑपरेशनच्या आधी ठरवावं की ते कुणाच्या हातात राहणार. आणि ज्याच्या हातात देणार, तो खरोखर धरेल का, याची खात्री करावी.

शिवकांताला वास परत येऊ लागला नाही. सर्जनने ते आधीच सांगितलं होतं. आता दूध मी तापवतो, गॅस मी बघतो.

तीन महिन्यांनी तपासणीचा एमआरआय होता. यंत्र लातूरलाही आहे. शिवकांता म्हणाली, "नांदेडला जाऊ. मावशी तिथं हायत." मी वाद घातला नाही.

यंत्राच्या दाराशी तिने डबी काढली आणि माझ्यासमोरून हात नेऊन धुरपताबाईंच्या तळहातावर ठेवली. मी शेजारच्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर घेऊन बसलो. पंचवीस मिनिटं झाली, तेवढ्यात जिन्यावरून मावशींच्या नावाने हाक आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि डबी माझ्या हातात दिली. "धरा साहेब. अन् उठू नका."

मी उठलो नाही. उरलेली बारा मिनिटं तळहात उघडा ठेवून बसलो. समोरच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "काका, देव हाय का?" मी म्हणालो, "नाही. बायकोचं आहे."

शिवकांता बाहेर आली. "मावशी?"

"कामाला गेल्या. बारा मिनिटं माझ्याकडे होतं."

तिने डबी घेतली, मुठीत धरून बघितली आणि गळ्यात घातली.

फिल्म स्वच्छ होती, गाठ नव्हती. त्या दिवशी एमआरआयचे साडेसात हजार भरले, लातूर-नांदेड जाण्यायेण्याच्या गाडीचे तीन हजार आठशे दिले. निघताना धुरपताबाई जिन्यापाशी भेटल्या. मी दहा रुपये पुढे केले आणि म्हणालो, "माझ्या पाळीला बसलात, तुमचा चहा राहिला." ते त्यांनी घेतले.