पेशंट एकदाच सांगते

"मध्या, काढ! काढ ते डोक्यावरून!" कुंदा अशी ओरडली की अकोल्याच्या त्या वॉर्डातले चालू पंखे थांबले आणि बंद पडलेले फिरायला लागले. आम्ही मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मी एका म्हाताऱ्या पेशंटची काविळीची माळ मुकुटासारखी डोक्यावर ठेवून खाटांमधून महाराजांसारखा फिरत होतो. आमच्याकडे कावीळ झाली की काड्यांची माळ डोक्यावर ठेवतात; ती लांबत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. सगळी बॅच हसून लोळत होती. म्हातारा तेवढा भिंतीकडे तोंड करून बसला. पोटात काही घेतलं का, असं सरांनी विचारलं तर म्हणाला, "नाही जी, काईच नाही."

कुंदानं माळ हातात घेऊन गाठ पाहिली आणि मला व्हरांड्यात ओढलं. "ही गाठ माह्या बापाच्या, अण्णाच्या हातची हाय. चांदूर बाजारले फुलं इकते अन् रविवारी माळा बांधते. संगं मुळीचा काढा देते, त्यानं लिव्हर अजून बिघडते. हा बुढा तो काढा पिऊन राहिला, पण आता मेला तरी सांगत नाही. पेशंट एकदाच सांगते, मध्या. त्या टायमाले कोणी हासलं, का संपलं."

मग ती त्याच्या खाटेच्या कडेला तासभर बसली आणि काढा कबूल करून घेऊनच उठली.

पुढे तिनं परतवाड्याला दवाखाना टाकला; राहायची मात्र चांदूर बाजारलाच, बापाजवळ. तिची रांग मेळघाटात सुरू व्हायची, असं मी सगळ्यांना सांगायचो. तिच्या केसपेपरवर पहिली ओळ छापलेली असायची... 'घरचं काय घेतलं?' पेशंटचं नाव त्याच्या खाली. मी अमरावतीहून फोनवर तिची टर उडवायचो. आमच्यात सरळ बोलायची पद्धतच नव्हती. काल अडीचशे पेशंट पाहिले, असं मी सांगितलं, की तिच्याकडे वाघ नंबर लावून बसलेला असायचा.

या उन्हाळ्यात ती माझ्या दवाखान्यात आली. डोळे पिवळे.

"या बाई! कोणाच्या हळदीतून आल्या?"

"तपास ना बे, गुमान."

"अण्णाचा काढा पेली का नाही?"

"पेली ना. तीन हप्ते झाले. रोज सकाळी गिलासभर."

"अन् माळ?"

"गुडघ्यापर्यंत आली."

मी एवढा हसलो की बाहेरचे पेशंट आत डोकावले. तीही हसली... जरा उशिरानं. मी तपासण्या लिहिल्या, विश्रांती सांगितली आणि आठ दिवसांनी ये म्हणालो. सहाव्या दिवशी तिला नागपूरला नेल्याचा फोन आला. लिव्हर गेलं होतं. आठव्या दिवशी ती नव्हती.

लोक विचारतात, ती स्वतः डॉक्टर, तिला कळत नव्हतं का? कळत होतं. पण ऐंशी वर्षांच्या बापानं रोज पहाटे उकळून हातात दिलेला गिलास परत कसा करायचा? 'डॉक्टरनं बंद सांगतला', एवढं म्हणायला तिला दुसरा डॉक्टर पाहिजे होता. त्यासाठी ती दोन बस बदलून माझ्याकडे आली होती, असं मला आता वाटतं. आता माझ्या केसपेपरवरही पहिली ओळ तीच आहे. विचारताना मी पेशंटच्या तोंडाकडे पाहत नाही, चपलांकडे पाहतो. तरी रोज एकदा कोणीतरी मागून ओरडतं, काढ ते डोक्यावरून... आणि माझा हात डोक्याकडे जातो.

तेरवीनंतर चांदूर बाजारला गेलो. अण्णा ओट्यावर झेंडूचे हार करत होते. माळा बांधणं त्यांनी सोडलं होतं. आत तिच्या खोलीत खिळ्याला स्टेथोस्कोप होता, त्याच्यावर काड्यांची माळ, आणि खाली फळीवर पालथा घातलेला स्टीलचा गिलास. तिच्या पिशवीत मी लिहिलेला कागद सापडला. तिचीच नक्कल म्हणून पहिली ओळ मी मोठ्या अक्षरात लिहिली होती... 'घरचं काय घेतलं? काही नाही.'

कागद घेऊन मी ओट्यावर आलो.

"अण्णा, एवढ्या दिवसाची पिऊन राहिली होती, तं मले काहून नाही सांगतलं तिनं?"

अण्णांनी सुईत दोरा ओवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"सांगतलं म्हणे. तुमी हासले."