चार वाजताचा रंग

"मामाच्या डोळ्यांनी शेवटी दगा दिला. नांदेडच्या सरांची खोली पांढरी करायची होती, अन् मामा ती कडब्यासारखी पिवळी करून आला. सर मोठ्या मनाचे, काही बोलले न्हाईत."

जळकोटला माणिकराव रंगाऱ्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांचा भाचा बालाजी उभा राहून हे बोलला आणि मांडवातली माणसे मायेने हसली. नांदेडचे ते सर म्हणजे मी. तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मी मोठ्या मनाचा नाही, हे माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे. गेलेल्या माणसाच्या मांडवात वाद घालू नये, एवढे मला कळते, म्हणून गप्प राहिलो. इथे मांडव नाही.

पत्नी गेल्यावर घराच्या पुढच्या खोल्यांत मला बसवेना. तिच्या खुर्चीवर सकाळचे ऊन यायचे, ते तसेच येत राहिले. मी पुस्तके उचलून मागच्या खोलीत राहायला गेलो. त्या खोलीला उत्तरेची एकच खिडकी, आणि शेजाऱ्याने खिडकीसमोर तीन मजले चढवलेले. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, निदान रंग तरी द्या. मी बालाजीच्या दुकानातून पांढऱ्या रंगाचे डबे मागवले आणि माणिकरावांना निरोप धाडला.

ते आले ते हात हलवत. ना ब्रश, ना शिडी. दारात उभे राहून त्यांनी खोली पाहिली आणि म्हणाले, "सर, पांढरा हितं चालायचा न्हाई."

"का?"

"पांढरा म्हंजे परत देणारा. उजेड यील तेवढा परत दील. हितं येतोच कुठून? राखेवानी दिसंल."

"माणिकराव, पस्तीस वर्षे मी मुलांना प्रकाश शिकवला आहे. पांढऱ्याइतका उजेड दुसरा कोणताही रंग परतवत नाही."

"हाव, शिकवला असंल. पोरांना शिकवला. भिंतीला न्हाई शिकवला."

मला असे कोणी बोलत नाही. त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला. "ह्या खोलीत बसणार कोण? अन् किती वाजता?"

"मी एकटाच. दुपारी चारनंतर."

"चारलाच का?"

चारला आमचा चहा होत असे, दोघांचा. हे मी त्यांना सांगितले नाही. माणिकराव म्हणाले, "मग रंग चार वाजताचा पायजे."

दुसऱ्या दिवशी ते बरोबर चारला आले आणि रिकाम्या खोलीत भिंतीला पाठ टेकून खाली बसले. अंधारून येईपर्यंत बसले. दिवा लावू दिला नाही. रंग ठरवण्यापूर्वी ते प्रत्येक खोलीत असे बसत, हे मला नंतर कळले. त्यापायी किती गिऱ्हाइके वैतागून दुसऱ्याकडे गेली, हेही त्यांनीच हसत सांगितले. तिसऱ्या दिवशी बसल्यावर डोळ्यासमोर येईल अशा उंचीवर त्यांनी तळहाताएवढे चार ठिपके लावले. त्यात एक माझ्या हट्टाचा पांढरा. "आठवडाभर चारला बघा," म्हणाले, "अन् मग माझ्याशी भांडा."

आठवड्याच्या शेवटी पांढरा ठिपका न धुतलेल्या धोतरासारखा दिसत होता. त्याच्या शेजारी वाळल्या कडब्याच्या आतल्या बाजूचा, किंचित लालसर झाक असलेला पिवळा होता. त्या ठिपक्यापाशी कोणी नुकतेच उठून गेले आहे असे वाटे. मी हरलो. हे लिहिणे मला जड जाते, पण खरे आहे.

कालवायच्या दिवशी बालाजी डबे टाकायला आला होता. मामा खोलीत, दार लोटून, पांढऱ्यात पिवळा आणि नखभर लाल कालवताहेत हे पाहून तो ओरडला, "मामा, अंगणात या की उजेडात! काय दिसून राहिलं तुम्हाला हितं?"

"अंगणात कोण राहणार हाय रे? रंगाला जिथं नांदायचं तिथंच कालवावा."

बालाजी कपाळावर हात मारून निघून गेला. त्याने पाहिले ते एवढेच. मागवलेले पांढरे डबे, अंधारात बसलेला म्हातारा, आणि पुढे कधीतरी दारातून दिसलेली पिवळी भिंत. त्यावरून त्याने मांडवातली गोष्ट रचली. माणिकरावांना मोतीबिंदू होता, हे मी नाकारत नाही. बसची पाटी मी त्यांना वाचून दाखवत असे. पण भिंत आणि पाटी यांत फरक आहे.

तीन भिंती झाल्या. चौथी, पश्चिमेची, न्हाणीघराला लागून होती आणि नळाच्या गळतीने ओली होती. "दम धरा," ते म्हणाले. "वल्या भिंतीला रंग म्हंजे तापल्या माणसाला पक्वान्न." नळ दुरुस्त झाला. त्यानंतर दर सोमवारी चारला ते येत, हाताची मागची बाजू भिंतीला लावत आणि म्हणत, "अजून दमट हाय." मग आम्ही चहा घेत असू. बोलणे फार नसे. एकदा मी विचारले, काम कसे चालले आहे. म्हणाले, "बालाजीनं मशीन घेतली. नंबर दाबला की रंग पडतो. घरात लई माणसं हायेत सर, समदी घाईत हायेत. माझ्याकडं कुणी रंगाचं विचारत न्हाई."

दिवाळीच्या सुमारास मी स्वतः त्या भिंतीला गाल लावून पाहिला. ती खडखडीत कोरडी होती. पुढच्या सोमवारी माणिकरावांनी हात लावला आणि म्हणाले, "दमट हाय." मी म्हणालो, "हो, आहे खरी." असे आणखी तीन महिने गेले.

माघात एके दिवशी ते दम लागल्यासारखे आले आणि म्हणाले, "आज लावून टाकू, सर." उरलेला रंग डब्यात दगड झाला होता. त्यांनी नवा कालवला, त्याच खोलीत, दार लोटून, कशाचेही माप न घेता. दोन दिवसांत पश्चिमेची भिंत झाली. तिसऱ्या आठवड्यात जळकोटहून फोन आला.

परवा बालाजी माझ्याकडे आला. पोरगा वाईट नाही. म्हणाला, "सर, मामाची चूक मी निस्तरतो. दोन दिवसांत खोली पांढरी करून देतो, रुपया घेणार न्हाई."

मी त्याला बसवले. विचारले, "हाताने कालवलेला रंग दुसऱ्यांदा तसाच उतरतो का?"

"न्हाई सर. कुणाच्याच हाताला न्हाई. म्हणून तर समदा एकदाच कालवतात. दुसरा घाणा केला की कोपऱ्यात फरक दिसतोच. मशीन त्याच्यासाठीच घेतली."

"तुझ्या मामांचे डोळे गेले होते?"

"गेल्याच जमा."

"या चारपैकी एक भिंत चार महिन्यांनी रंगवली आहे. नवा घाणा कालवून. कोणती ते दाखव, आणि मग खुशाल पांढरी कर."

तो हसत उठला. मोबाईलची बत्ती लावली. चारही कोपऱ्यांत वरपासून खालपर्यंत फिरवली. गुडघ्यावर बसला, भिंतीला डोळा लावला, उठला, पुन्हा पहिल्या कोपऱ्याशी गेला. हसणे केव्हाच थांबले होते. बऱ्याच वेळाने त्याने बोट ठेवले.

पूर्वेच्या भिंतीवर.