सुपारी फुटायच्या आधी

माणसाच्या अंगावर एक जागा अशी आहे, की तिथं दुखलं तर एकवेळ सांगता येतं, पण खाजलं तर सांगता येत नाही. माझी नेमकी तीच जागा गेल्या पावसाळ्यापासून खाजत होती.

मी चिखलीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. त्या वर्षी फळ्याकडे तोंड करून उभं राहण्याचं माझं प्रमाण इतकं वाढलं, की मुख्याध्यापकांनी माझ्या फळ्यावरच्या नकाशांची स्तुती केली. डॉक्टरांकडे जायची सोय नव्हती, कारण गावातली डॉक्टरीण माझीच विद्यार्थिनी. (तिला मी खंड आणि उपखंड शिकवले होते. आता तिला हा प्रदेश कसा दाखवणार?) मग मेडिकलमध्ये जाऊन, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, हळूच ट्यूब मागायची. ट्यूब लावली की चार दिवस सुखाचे. पुढं खाज माहेरपण करून आल्यासारखी परत यायची, चांगली अंग धरून.

अशात निखिलची, म्हणजे आमच्या चिरंजीवाची सोयरीक निघाली. मुलगी प्रणाली, मेहकरकडची, औषधशास्त्र शिकलेली आणि बुलढाण्याला एका दवाखान्यात नोकरीला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, त्यामुळे उरली होती ती फक्त वडीलधाऱ्यांची बैठक. देणंघेणं काही नाही हेही ठरलेलं. बैठकीत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मात्र आमच्याकडे एक रीत आहे. सुपारी फुटायच्या आधी मुलाच्या बापानं गादीवरून उठायचं नाही. उठला म्हणजे बोलणं मोडलं असं समजतात.

ऐन एप्रिल. अंगात नवी, कडक कापडाची पँट. त्यात सकाळी ट्यूब संपली, म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्यानं कापूर घातलेलं खोबरेल लावून निघालो. मेहकर येईपर्यंत जीपमध्ये मला कापराचे गुण कळले, आणि देवापुढं तो का जाळतात, याचंही कारण कळलं.

गादीवर मांडी घालून बसलो. पोहे झाले, चहा झाला. मग राहवेना. "जरा पाणी पितो," म्हणून उठलो.

"बसा न भाऊ, पाणी इथंच येते," मुलीचे वडील वसंतराव म्हणाले. पाणी आलं. मी बसलो.

थोड्या वेळानं खोटाच फोन कानाला लावून अंगणात गेलो आणि लिंबाच्या झाडामागं जे करायचं ते केलं. परत आलो तेव्हा बैठकीचा रंग उतरला होता. शोभा, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे अशी पाहत होती की खाज क्षणभर थांबली.

"मानपानात आमचं काही कमी-जास्त झालं का?" वसंतरावांनी विचारलं.

"नाही नाही. सारं बेस हाय."

मुलीच्या आजोबांनी, आबाजींनी, अडकित्ता हातात घेतला. सुपारी पात्यात धरली. आणि त्याच क्षणी कापूर आणि नवी पँट यांचं माझ्याविरुद्ध एकमत झालं. मी ताडकन उभा राहिलो.

अडकित्ता तसाच थांबला.

"बसा न," आबाजी म्हणाले.

"बसतो आबाजी. पण आत्ता नाही जमत."

वसंतरावांचा चेहरा पडला. "हुंडा घ्यायचा नाही असं बोलणं झालं होतं न आपलं? मंग आता ऐन टायमाले हे काऊन?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रणाली आतून बाहेर आली. डोळे भरलेले, पण आवाज पक्का. "त्यायची मागणी असन तर सांगून टाका म्हणा. मले असल्या घरात जायचं नाही."

निखिल माझ्याकडे पाहू लागला. लहानपणी जत्रेत हात सुटल्यावर बघितलं होतं तसं. "बाबा, काऊन उठले तुम्ही? सांगा न."

पोराचा संसार एका बाजूला आणि माझी अब्रू दुसऱ्या बाजूला. खरं सांगायचं तर मी थोडा विचार केला. मग म्हणालो, "मागणी काही नाही. मले जांघेत खाज हाय. पावसाळ्यापासून."

आबाजींच्या हातातली सुपारी खाली पडली. शोभानं पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

"भाऊले खुर्ची द्या," वसंतराव अगदी हळू म्हणाले.

पण प्रणालीनं डोळे पुसले आणि दवाखान्यात विचारतात तसं विचारलं, "काका, लावता काय?"

ट्यूब संपली तरी नाव विसरू नये म्हणून मी ती खिशात ठेवली होती. भर बैठकीत ती भावी सुनेच्या हातात दिली. तिनं वाचली. "यात स्टिरॉइड आहे. यानं वरून बरं वाटते, आतून पसरते. हे बंद करा अन् चामडीच्या डॉक्टरले दाखवा. टॉवेल वेगळा ठेवा. अन् घरात आणखी कोणाले असन तर साऱ्यायनं संगच औषध घ्या, नाही तर एकाचं दुसऱ्याले होत राहते."

'आणखी कोणाले' म्हटल्यावर बैठकीतले सगळे डोळे हळूहळू निखिलकडे वळले. निखिल गादीवरची नक्षी पाहू लागला. त्याचे कान लाल झाले होते. (ट्यूब इतक्या लवकर का संपते, हे मला तेव्हा समजलं.)

"मले लग्न मंजूर हाय," प्रणाली म्हणाली. "पण आधी बाप-लेक दोघंही बरे होऊ द्या. डॉक्टर हो म्हणतील तवाच तारीख काढू."

आबाजींनी सुपारी उचलली, धोतराला पुसली आणि फोडली. मी ती उभ्यानंच पाहिली.

पुढं बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. निखिल तरुण, तो लवकर बरा झाला. माझ्यासाठी मात्र लग्न पुढं-पुढं जात राहिलं आणि सोयरेधायरे फोनवर तारखेऐवजी माझी तब्येत विचारू लागले. शेवटी एकदाचा डॉक्टरांनी होकार दिला. लोकांच्या घरी मुहूर्त नवरा-नवरीची पत्रिका पाहून काढतात. आमच्या घरचा मुहूर्त नवऱ्याच्या बापाची चड्डी उतरवून काढला गेला.