पवनेतल्या दोन बोटी आणि मामीचा आवाज

वडगावच्या स्टँडवर मी तोंडानं एसटीचं इंजिन काढून दाखवत होतो, तेवढ्यात खरी एसटी आली. "चल, आता खऱ्यात बस," मामा म्हणाला.

निघालो होतो पवना धरणावर, बोट निवडायला. मामाला पर्यटक फिरवायचा धंदा टाकायचाय. बोटी दोन, एक बारा माणसांची, एक सहाची. घ्यायची एकच, तीही मामीच्या म्हशी विकून. म्हणून मामीही सोबत.

कामशेतला भजी घेतली, ती संपेस्तोवर खिडकीत तिकोना किल्ला आला. धरणाचं पाणी बरंच ओसरलेलं. काठावर बोटवाला उभा. माणूस लोणावळ्याचा, या पाण्यात नवा. बैल घेताना मारतात तशी मामानं मोठ्या बोटीला थाप मारली.

"लय दमाची हाय!"

"दात बी बघून घ्या," मामी म्हणाली.

आधी मोठी. इंजिन असं गरजलं, की मी नक्कल करायचा नाद सोडला. मामा पुढं बोटवाल्याशेजारी, आम्ही मागं. मधेच मामी दोन्ही हात हलवत ओरडायला लागली. मामानं वळून पाहिलं, खूश झाला, आपणही हात हलवला आणि बोटवाल्याला म्हणाला, पळवा!

खर्रर्र!

बोट जागेवर. काठ लांब, आणि उतरून बघतो तर पाणी गुडघ्याएवढं! चार माणसं धरणात उभी बघून काठावरचे पर्यटक फोटो काढायला लागले.

"आवं, म्होरं शेताचा दगडी बांद हाय म्हणून वरडत व्हते! धरणात गेलेलं माझ्या आबांचं शेत हाय ह्ये."

"मला वाटलं, तुला मजा येतीय."

"लगीन झाल्यापास्नं तुमाला तसंच वाटतंय."

ढकलून बोट काढली, आणि मग छोटीत बसलो. तिचं इंजिन पोथी वाचणाऱ्या म्हाताऱ्यासारखं पुटपुटत होतं. "डावीकडं घ्या. हळू. आता जाऊ द्या," मामी मागून सांगत होती. मामाला सगळं ऐकू येत होतं. चेहऱ्यावरून कळत होतं.

काठाला लागल्यावर तो चाचरत म्हणाला, "मोठीत बारा माणसं बसत्यात."

"आन बांदावर अडकल्यावर बाराजणांना उतरवून घेणार कोण? ल्हानी घ्या. हिच्यात माझं बोलणं तुमच्यापत्तुर पोचतंय."

मामानं मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी तोंडानं मोठ्या बोटीचा आवाज काढला: खर्रर्र! बोटवाल्यालाही हसू आवरेना. छोटी ठरली.

परतीच्या एसटीत इंजिनाचा नुसता दणका. मामी पाण्याखालचं शेत सांगत होती, आंबा कुठं, विहीर कुठं. मला वाटायचं, धरणात गेलं ते संपलं. पण मामीच्या डोक्यात अजून त्याची वाट शाबूत होती. मामाला काही ऐकू येत नसणार, असं मी धरून चाललो होतो. तर तो तिच्या तोंडाशी कान नेऊन म्हणाला, "परत सांग. विहीर कुटं म्हणालीस?"